न मोजणारा फोन

एन्कारेपुसच्या संगणक केंद्रातल्या मॅडमनी आमच्या सिमालोईला खुर्चीवर बसूसुद्धा दिलं नाही. "लॅपटॉप आहे?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग प्रोग्रॅम कशावर लिहिणार, शेळीच्या पाठीवर?" वर्गातली पोरं हसली. सिमालोईनं कमरेच्या गाठीतून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो, काचेच्या कोपऱ्यात चिरा, मागचं झाकण रबरानं आवळलेलं. "यावर लिहीन," म्हणाली. मॅडमनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरून परत दिला, मेलेला उंदीर उचलतात तसा.

ऊन डोक्यावर घेऊन पोर चालत घरी आली. मी दुधाच्या भोपळ्याला धुरी देत बसले होते. विचारलं, "रडलीस का गं वाटेत?"

"रडायला वेळ कुठाय, कोको. बॅटरी अकरा टक्के आहे."

कोको म्हणजे मी, तिची आजी. माझ्या धाकट्या लेकाची ही मुलगी. लेक जाऊन चार पावसाळे झाले. मागं त्याची बायको नोलारी, ही पोर आणि गुरं. गुरं किती, ते विचारू नका. आमच्यात गुरं मोजत नाहीत, लेकरंही मोजत नाहीत. मोजलेलं आमच्या देवीच्या, एन्काईच्या नजरेत भरतं, आणि तिच्या नजरेत भरलेलं ती घेऊन जाते. संध्याकाळी काटेरी कुंपणाच्या तोंडाशी उभं राहायचं आणि बघायचं, कोण आलं नाही. तेवढ्यावर आमच्या सासवांच्या सासवांचं भागलं. नोलारी तर धुळीचा लोट लांब असतानाच सांगते, कबरी गाईची मधली लेक मागं राहिली, काटा लागला असेल.

सिमालोई लहानपणापासून अशीच. शाळेत मास्तरांनी गणित घातलं, घरी दहा गाई, तीन विकल्या, राहिल्या किती? हिनं हात वर करून विचारलं, "कोणत्या तीन?" मास्तरांना वाटलं चेष्टा करते. हातावर छडी बसली. घरी येऊन म्हणाली, कोको, म्हातारी विकली की दुभती विकली हे कळल्याशिवाय राहिलं काय ते कसं सांगू? मला अजून त्या मास्तरांनाच छडी द्यावीशी वाटते.

तर केंद्रातून परत आल्यावर तिनं पाण्याच्या टाकीमागचा उंचवटा धरला. आमच्याकडं रेंज तिथंच लागते. उन्हात पाठ, फोनवर सावलीसाठी लाल शाल, आणि बाई बसलेली. फोनात जागा होईना म्हणून एकेक गोष्ट पुसत गेली. गाणी पुसली, माझे फोटो पुसले, शेजारच्या नोनकिपाच्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ पुसला. नोनकिपा पंधरा दिवस आमच्या वाटेनं पाण्याला गेली नाही.

एके दिवशी मी तिला चहा घेऊन गेले तर फोनात काळी पाटी, पाटीवर पांढरी अक्षरं आपोआप उमटत होती.

"हे कोण लिहितंय?"

"माझा गडी," ती म्हणाली. "मी साध्या शब्दांत सांगते काय पाहिजे ते. तो कोड लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर आपलं आपण दुरुस्त करतो. डोकं त्याचं लांब कुठंतरी मोठ्या यंत्रांत आहे, हात मात्र या फोनात. त्याला एआय एजंट म्हणतात."

"एजंट म्हणजे कोइकाईसारखा?" कोइकाई आमच्याकडचा गुरांचा दलाल. गाईच्या शेपटीला हात लावला तरी दलाली मागणारा.

"याला दलाली नाही लागत. फक्त रोजचं काम ठरलेलं. ते झालं की म्हणतो, आता उद्या."

"म्हणजे तुझ्या आजोबांसारखा," मी म्हटलं.

आजोबांसारखा तो आणखीही एका बाबतीत होता. "झालं" म्हणायचा आणि झालेलं नसायचं. आमचे म्हातारबुवा कुंपण लावलं म्हणून झोपायचे आणि रात्री तरस आत. सिमालोईनं त्याला सवयच लावली, झालं म्हणायच्या आधी चालवून दाखव. फोनही कमी द्वाड नव्हता. पडदा काळा झाला की बॅटरी वाचवायला म्हणून गड्याचं चालू काम मारून टाकायचा. तीन दिवस ती त्या फोनाशी भांडली. मग कुठली तरी खिट्टी सापडली, पडदा झोपला तरी आतला जागा राहील अशी. त्या दिवशी टाकीवरून उड्या मारत आली. मॅडम म्हणाल्या होत्या, लॅपटॉपशिवाय होत नाही. "आता जाऊन दाखवू का त्यांना?" मी म्हटलं, कशाला, पाय तुझेच दुखतील.

मग दुष्काळ आला. गवत म्हणून राहिलं ते एकाच ठिकाणी, बड्या मालकाच्या रँचच्या तारेपलीकडं. त्या शनिवारी दुपारी गुराख्यांचा डोळा लागला आणि आमची आणि नोनकिपाची गुरं तारेतल्या फटीतून आत गेली. रँचच्या राखणदारांनी सगळी हाकून एन्कारेपुसच्या कोंडवाड्यात घातली. कुंपण ओलांडलं तर दंड, ते आम्हाला मान्य. पण कोंडवाड्यावर बारासा नावाचा कारकून होता, त्यानं निरोप धाडला. मालकानं लेखी यादी आणावी. प्रत्येक गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर, रंग, आणि खाली एकूण आकडा. तोंडी चालणार नाही. गुरुवारी दुपारी बाराच्या आत यादी आली नाही तर सगळी बेवारस धरून लिलाव.

बिल्ले दोन वर्षांपूर्वी सरकारी माणसं ठोकून गेली होती. निम्मे बाभळींनी ओढून नेले. अर्ज फोनावरच भरायचा होता, त्यात रंग फक्त चार. काळा, तपकिरी, पांढरा, मिश्र.

"चार रंगांत आपलं कुत्रंसुद्धा बसणार नाही," नोलारी म्हणाली. नवरा गेल्यापासून तिच्याजवळ होतं ते त्या गुरांत होतं. दूध, उद्याचं पीठ, पोरीच्या लग्नात द्यायचं ते, लग्न नाही झालं तर म्हातारपणी टेकायचं ते. लिलावात गेली असती तर तिला दिराच्या दारात पडावं लागलं असतं, आणि दीर कसा आहे ते मी आई असून सांगते, न सांगितलेलं बरं.

सिमालोई आईला म्हणाली, "येयो, त्यांच्या अर्जात नाही बसत तर आपण आपला अर्ज करू. सांग एकेक."

सोमवारी दुपारी बाभळीखाली बसलो. नोलारी, मी आणि नोनकिपा. नोनकिपाचा राग लग्नाच्या व्हिडिओइतका मोठा, पण गुरं तिचीही आत होती. रोज धार काढतो आम्हीच, त्यामुळं गाय म्हणजे काय हे बाईला विचारावं. नोलारी सांगत गेली, सिमालोई लिहीत गेली. कबरी, पोटाखाली पांढरी, उजव्या कानाला दुहेरी चीर, आई माझ्या लग्नात आलेली. तिची थोरली लेक, तांबडी, कपाळावर तीट, डोळ्याभोवती काजळ. मुंडी, शिंगं नाहीत, पण मारकी. धुरी, पुसट करडी, डावं शिंग खाली वळलेलं, मागचं डावं सड बंद, दुसऱ्या वेताला गोचिडानं खाल्लं. धार उजव्या बाजूची काढतो, डावी बाजू वासराची, म्हणून वासराला एकाच सडावर भागवावं लागतं, मग मी आपल्या बाजूचं थोडं सोडते. असं सगळं. गाईची आई, आईची आई, कोणी कधी कशासाठी दिली ती.

संध्याकाळपर्यंत गड्यानं त्याचं पान तयार केलं. फोनात बोट लावलं की गाय, तिच्याखाली तिच्या लेकी, तिच्याखाली नाती. खुणा टाकल्या की ती कोण ते निघायचं. नोनकिपानंसुद्धा मान हलवली. मग तिची नजर तळाशी गेली. तिला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात, नोटांवरचे.

"हे काय आहे?"

सिमालोईनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. गड्यानं न सांगता तळाशी लिहिलं होतं, एकूण, आणि पुढं आकडा. तो मी इथं सांगत नाही.

"मोजलंस," नोनकिपा उठून उभी राहिली. "अगं, माझी गुरं मोजलीस तू. आता एक मेली तर कोण उत्तर देणार, तू की तुझा हा डबडा?"

"काकू, मी नाही, त्यानं..."

"गडी कोणाचा?"

मी शाल टाकून फोन झाकला. दुसरं काय करणार. नोनकिपानं तिच्या गाईंची नावं परत मागितली, पुसून टाक म्हणाली, आणि निघून गेली. त्याच संध्याकाळी तिचं घरी राहिलेलं वासरू लंगडायला लागलं, मग तर विचारूच नका.

सिमालोईनं टाकीवर जाऊन गड्याला ताकीद दिली. मोजायचं नाही. त्यानं माफी मागितली, आकडा काढला, आणि प्रत्येक गाईपुढं एक, दोन, तीन असे आकडे घातले. ते काढायला लावले तर पान उघडताना वर लिहून आलं, इतक्या गाई सापडल्या. पोरीनं कपाळावर हात मारला. "कोको, याला मोजल्याशिवाय राहवतच नाही. शिकलाच तसा."

"मग तुला शिकवलं तसं त्याला शिकव. छडी नको मारू."

तिनं एक कागद लिहून त्याच्यापुढं कायमचा ठेवला, रोज काम सुरू करायच्या आधी वाचायचा म्हणून. मला वाचून दाखवला होता. इथं गुरं मोजत नाहीत. लेकरं मोजत नाहीत. तू मोजून दाखवू नकोस, मी विचारलं तरी दाखवू नकोस. गड्यानं उत्तर दिलं, समजलं, मोजणार नाही, पण मग यादी पूर्ण आहे की नाही हे कसं तपासायचं?

सिमालोई मला म्हणाली, "प्रश्न बरोबर आहे त्याचा." खाली येऊन आईला विचारलं. नोलारी चूल फुंकत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "कोण आलं नाही ते विचार म्हणावं."

मंगळवारचा अख्खा दिवस आणि बुधवारची सकाळ त्यात गेली. गड्याची मर्यादा संपली की पोर तशीच बसून राहायची, पुढचं काय सांगायचं ते मनात जुळवत. शेवटी निघालं ते असं. सगळ्या गाई घराण्याघराण्यानं पडद्यावर. जी दिसली तिच्यावर बोट ठेवायचं, ती आत गेली. पडद्यावर राहते ती आली नाही. कुठं आकडा नाही, बेरीज नाही. नोनकिपाला बोलावून दाखवलं. तिनं खालून वरून बघितलं.

"आत मनातल्या मनात मोजत असेल तो."

"मनात मोजलं तर पाप त्याचं त्याला, काकू."

मग नोनकिपानं आमच्या रीतीनं फोनवर थुंकून आशीर्वाद दिला, चांगला भरघोस. सिमालोईनं पाठ वळवून शालीनं पुसला. नोनकिपानं नावं परत दिली.

गुरुवारी सकाळी दोन मोटरसायकली केल्या आणि गेलो. कोंडवाडा म्हणजे लाकडी खांब, लोखंडी फाटक, फाटकाला दोर, आणि शेजारी भिंतीला भिंत लावून कोइकाईचं खुराडं. लिलावात घेतलेली गुरं तो तिथं ठेवतो. घेणारे लोक झाडाखाली जमलेच होते, हातात काठ्या. रेंज तिथं नाही, पण तिची गरज नव्हती. गड्याचं काम झालं होतं, त्याचं पान फोनातच होतं.

बारासा माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं. त्यानं आमच्याकडं बघितलं, आमच्या मागं बघितलं. "पुरुष माणूस कुठाय?"

"मातीत आहे, साहेब," सिमालोई म्हणाली. "गाई तुमच्याकडं आहेत. गाईंचं बोलू."

"किती तुमच्या?"

"आकडा देणार नाही. कोण कोण ते देते."

"आकडा नाही तर अर्ज अपुरा."

"तुम्ही कोणत्याही गाईवर बोट ठेवा. ती कोण, कोणाची लेक, कान कसा, ते मी तिला न बघता सांगते. खुणा तुम्ही सांगायच्या, नाव मी."

झाडाखालचे लोक जवळ आले. फुकटचा खेळ कोण सोडतो. बारासानं लांबची एक दाखवली. तांबडी, कपाळावर ठिपका. सिमालोईनं फोनात खुणा टाकल्या आणि वाचलं. कबरीची थोरली लेक, डोळ्यांना काजळ, उजव्या कानाला दुहेरी चीर, डाव्या मांडीवर जुना डाग, गरम सळईचा. बारासा स्वतः आत जाऊन मांडी बघून आला. दुसरी विचारली, तिसरी विचारली. मुंडीचं विचारायच्या आधीच तिनं त्याला खांबापर्यंत पळवलं.

"बरं," तो धापा टाकत म्हणाला. "गाई तुमच्या आहेत असं दिसतंय. फोनला आकडा विचार, मी लिहितो, विषय संपला."

"त्याला सांगून ठेवलंय, देऊ नको म्हणून."

"अगं बाई, यंत्र आहे ते."

"माझं आहे."

बारासानं रजिस्टर उघडलं. "हे बघ. शनिवारी राखणदारांनी आणल्या तेव्हाचा आकडा. आज सकाळी मी मोजल्या तो आकडा. दोन्ही जुळतात. तू नाही सांगितलास तरी चालेल, मी लिहितो. दंड भरा, सही करा, न्या."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. पण नोलारी कुंपणाशी गेली होती. ती एकेकीचं नाव घेत होती, हळू, धार काढताना घेते तसं. सिमालोई तिच्याजवळ जाऊन एकेकीवर बोट ठेवत होती. पडदा रिकामा होत गेला. शेवटी एक नाव राहिलं.

"धुरी," नोलारी म्हणाली. "धुरी नाही."

"आणि ती कोण?" सिमालोईनं काठीनं दाखवलं. कोपऱ्यात एक पांढरी म्हातारी उभी होती, बरगड्या मोजाव्यात अशी, कानाला नदीपलीकडच्या लोकांची चीर. "तिला माझ्या फोनात कोणी नाही."

बारासा परत रजिस्टरात घुसला. "आकडा जुळतोय."

"आकडा जुळतोय, साहेब. गाय जुळत नाही."

झाडाखालचे लोक त्या पांढरीकडं वळले. आमच्या लोकांत हे लगेच कळतं. धुरी एकटी दोन गाईंचं दूध देते, आणि तिच्या जागी कोणीतरी मढं उभं केलं होतं. मोजणाऱ्याला दोन्ही सारखीच.

बारासानं घाम पुसला. साडेअकरा झाले होते. "हे बघा, तुमच्या आहेत त्या घेऊन जा. एकीसाठी पोलिसात तक्रार द्या. आत्ता सही नाही झाली तर बाराला लिलाव मला घ्यावाच लागेल, वरचा हुकूम आहे."

मी म्हणाले, "घे गं सिमालोई. बाकीच्या तर वाचतील." ते मी म्हणाले, नाकारत नाही. म्हाताऱ्या माणसाला हातात आलेलं सोडवत नाही.

"सही म्हणजे सगळ्या मिळाल्या असं होतं, कोको. सगळ्या मिळालेल्या नाहीत."

"आणि सगळ्याच गेल्या तर?"

तिनं आईकडं बघितलं. गाई तिच्या नव्हत्या, आईच्या होत्या. नोलारी फाटकापुढं गेली आणि दोराखाली धुळीत पाय पसरून बसली. लग्न होऊन माझ्या घरात आल्यापासून मी तिला माझ्यापुढं पाय पसरून बसलेली पाहिली नव्हती. नोनकिपा तिच्याशेजारी बसली. मग मलाही बसावं लागलं, गुडघे कुरकुरले तरी.

सिमालोई उभीच राहिली. घेणाऱ्यांकडं वळून तिनं फोन वर धरला. "काकांनो, मामांनो, नीट ऐका. बाराला तुम्ही या गाईंवर बोली लावाल. लावा. प्रत्येकीचं नाव, तिच्या आईचं नाव, ती कोणाच्या लग्नात आली ते यात आहे. ज्याच्या कुंपणात जाईल त्याच्या दारात येऊन मी ते मोठ्यानं वाचीन. दर बाजाराच्या दिवशी येईन."

एक म्हातारा काठी टेकत म्हणाला, "मला नको बुवा ओरडणारी गाय." दोघंतिघं मागं सरकले. नावानिशी मागितलेली गाय घरात ठेवणं आमच्यात कोणाला नको असतं. पण कोइकाई भिंतीला टेकून दात कोरत होता, तो हसला. "फोन फुटका आहे पोरी. बॅटरी किती आहे?"

"तुझी गुरं बघण्याइतकी आहे. बघू दे ना मला, चांगली असली तर घेईन म्हणते."

"तू घेणार?"

"साहेबही येतील सोबत."

बारासाला ते नको होतं, पण सगळे बघत होते. कोइकाईलाही नाही म्हणता येईना. दलालानं गाय दाखवायला नकार दिला असं कधी कोणी ऐकलंय? फळी उघडली. आत, सगळ्यांच्या मागं, करडी गाय, कानात नवाकोरा पिवळा बिल्ला. डाव्या शिंगाचं टोक कापलेलं होतं, ताजं, आणि कानाच्या चिरेवरूनही सुरी फिरलेली. नोलारी दारातच थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला.

"करड्या गाई हजार असतात," कोइकाई म्हणाला. "कागदावर घेतली आहे."

सिमालोई भांडली नाही. तिनं धुरीच्या पाठीवरून हात फिरवला, घेणारा फिरवतो तसा. "दुधाला कशी आहे?"

आता बघा, पंचवीस वर्षं ज्या तोंडानं गाई विकल्या ते तोंड. "दुधाला विचारतेस?" कोइकाई म्हणाला. "चारी सडं झरतात. सकाळी मीच काढलं. बादली घेऊन ये, भरून देतो."

सिमालोईनं फोन बारासापुढं धरला. "वाचा, साहेब. मोठ्यानं वाचा. वर तारीख आहे, तीही वाचा."

बारासानं वाचलं. सोमवार. धुरी, पुसट करडी, डावं शिंग खाली वळलेलं, मागचं डावं सड बंद, दुसऱ्या वेताला गोचिडानं खाल्लं.

नोलारी तोवर धुरीच्या कासेपाशी उकिडवी बसली होती. उजव्या बाजूची दोन्ही सडं धुळीत पांढऱ्या रेघा मारू लागली. पुढचं डावं तसंच. मग तिनं मागचं डावं धरलं, ओढलं, परत ओढलं. काही नाही. हात बाजूला करून तिनं सगळ्यांना बघू दिलं.

"आजच बंद पडलं असेल," कोइकाई म्हणाला.

"सकाळी तूच काढलंस ना?" झाडाखालचा म्हातारा म्हणाला. हसण्याचा असा लोट उठला की धुरीसुद्धा बिचकली. कोइकाईला आठवलं की त्याच्या गड्याची चूक झाली असावी, भिंतीला भिंत आहे, गाय वाट चुकते. गाय वाट चुकते हे खरं. बिल्ला तिनं स्वतः लावून घेतला का, ते नोनकिपानं विचारलं आणि तिच्या भाषेत बरंच आणखी विचारलं, ते इथं नको. ती पांढरी म्हातारी त्याला परत दिली. बारासानं कोइकाईचं नाव वेगळ्या कागदावर लिहून घेतलं, आणि तो कागद पोलिसात जाईपर्यंत आम्ही इथून हलणार नाही असं सिमालोई म्हणाली, तेव्हा निमूटपणे शिपायाच्या हातात दिला.

बारा वाजून गेले होते. लिलावाची घंटा कोणी वाजवली नाही. धुरी आपण होऊन कबरीशेजारी जाऊन उभी राहिली.

दंड भरला. बारासानं सुटकेचा कागद काढला, सगळं लिहिलं आणि पेन एका चौकटीवर थांबलं. मिळालेल्या जनावरांची संख्या. त्यानं सिमालोईकडं बघितलं. सिमालोईनं आईकडं.

"लिहा, सगळ्या," नोलारी म्हणाली.

"बाई, इथं आकडा बसतो. शब्दाला जागा नाही."

"मग तिरपं लिहा."

"वरून परत आला कागद तर?"

"परत आला तर मी परत येईन," नोलारी म्हणाली. "आता मला वाट माहीत झाली."

बारासानं अक्षर बारीक केलं आणि चौकटीच्या बाहेर जाईल तेवढं जाऊ दिलं. नोलारीला वाचता येत नाही. तिनं कागद सिमालोईकडं दिला, काय लिहिलंय ते वाचून घेतलं, आणि मगच अंगठा लावला.